तीन किल्ल्यांची कोठी

गणपती पोचवल्याशिवाय आमच्या राजापूरकडचं माणूस घर सोडत नाही. त्यामुळे माझी भाची वैशाली चैत्रापासून बोलावत होती, तरी मी हिंगोलीला उतरले ती भाद्रपदाच्या उतरणीला. जिल्हा परभणीतून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. स्टँडवरचा पानवाला अजून सवयीनं 'आमचा परभणी जिल्हा' म्हणत होता. तिथवरच्या प्रवासाचं काही सांगत बसत नाही. गाड्या बदलल्या, पाठ मोडली, पोचले.

वैशाली सेनगावात राहते आणि गावोगावच्या बायांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरी करते. फोनवर ती सारखी कुठल्यातरी कोठीबद्दल बोलायची. धान्याची कोठी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत. एवढं ऐकल्यावर मला राहवेना. मला चौकशा फार. आमचे हे म्हणतात, हिला दुसऱ्याच्या घरातलं मडकं उघडून बघितल्याशिवाय झोप येत नाही. खोटं नाही ते, आणि मडक्याचा विषय पुढे येणारच आहे.

सेनगावहून आत

गावाचं नाव सांगत नाही. का सांगत नाही ते वाचलंत की कळेल. सेनगावहून जीपनं जावं लागतं एवढं पुरे. जीप भरली असं मला वाटल्यानंतर ड्रायव्हरनं आणखी पाच माणसं घेतली आणि एक बोकड. बोकड माझ्या पायाशी उभा होता आणि इतरांपेक्षा शांत होता.

दोन्ही बाजूंना सोयाबीन. पिवळं पडायला लागलेलं, एका उंचीचं, एका रंगाचं, नजर जाईल तिथवर. आमच्याकडे एवढी सपाटी फक्त समुद्राला असते. मी वैशालीला विचारलं, "ही माणसं खातात काय मग?" ती म्हणाली, "तेच तर तुला दाखवायला नेतेय."

गावाबाहेर गटाचं वावर आहे. वावर म्हणजे शेत. मालक नांदेडला राहतो, बाया त्याच्याकडून ते बटाईनं करतात. तिथे मात्र एका रंगाचं काही नव्हतं. मूग निघून गेलेल्या मोकळ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये तुरीच्या ओळी, बांधावर अंबाडी आणि भेंडी, एका कडेला तीळ. मला ते आमच्या घरामागच्या परड्यासारखं वाटलं, फक्त फार मोठं. कौतुकानं दोन पावलं आत टाकली आणि माझी उजवी चप्पल गेली. काळ्या मातीनं ती गिळलीच. आमची तांबडी माती पाय लाल करते, पण चप्पल परत देते.

"मावशी, दुसरी हातात घ्या," बांधावरून एक बाई मोठ्यांदा म्हणाली. "ह्या मातीचा लई जीव हाय पायावर."

ह्या पंचफुलाबाई. साठीच्या, उंच, आवाज असा की पलीकडच्या वावरातला माणूस मान वळवतो. राहायला बौद्धवाड्यात. गट त्यांनीच बांधला, आणि कोठी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत आहे. वैशालीची मावशी म्हणून मी तेव्हापासून सगळ्या गावाची मावशी झाले, वयानं माझ्याहून मोठ्या बायांचीसुद्धा.

आम्ही उतरलो होतो त्यांच्याकडेच. पहिल्या जेवणाला ज्वारीची भाकरी, कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. अंबाडी इतकी आंबट की डोळे मिटले. ह्याला थोडं खोबरं लावलं तर काय बहार येईल, असं मी म्हणाले. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "खोबरं? ते पोळ्याला बैलाच्या निवदाला लागतंय," म्हणाल्या. दुसऱ्या घासाला ठेच्यानं मला उचकी लावली आणि घरातली तीन माणसं पाणी घेऊन धावली. तिसऱ्या दिवशी मात्र मी अंबाडी मागून घेतली, हेही लिहून ठेवते.

कोठी

मागच्या खोलीत अंधार होता आणि कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याचा वास. पत्र्याची उंच कोठी, झाकणाला तीन कड्या, तीन कुलपं. एक किल्ली पंचफुलाबाईंच्या कमरेला. दुसरी मोठ्या आळीत कौसाबाईकडे. तिसरी धनगर गल्लीत सखूबाईकडे. तिघी एकदम आल्याशिवाय दाणा बाहेर येत नाही.

"आखाडात घरातलं सरतंय," पंचफुलाबाई सांगू लागल्या. "नवं यायला टाइम असतोय. आदी आमी मनलं, ज्याला लागन त्यानं न्यावं, सुगीत सवाईनं आणून घालावं. तं कोणीच येईना! उपाशी राहतीन, पण मागायला न्हाई येणार. मग आमी मनलं, कोठी उघडली की गटातल्या सगळ्या घरांनी न्यायचंच. भरल्या घरानं बी न्यायचं. मग भुकेलं कोण ते कोणालाच न्हाई समजत."

सवाई म्हणजे चार मापं नेली तर पाच आणायची. भरल्या घरांची सवाई कोठीला फुकटची मिळते, आणि रिकाम्या घराची लाज राहते. मला हे इतकं आवडलं की मी त्यांना तीनदा सांगायला लावलं. आमच्याकडे अडलेल्या घराच्या मागीलदारी कोणी एखादा फणस किंवा पायलीभर तांदूळ ठेवून जातं, आणि मग दोन्ही घरं त्याविषयी जन्मात बोलत नाहीत. युक्ती निराळी, पण ज्याच्यासाठी करायची ते एकच.

बियाणं मात्र कोठीत ठेवत नाहीत. "कोठीतलं दिसलं की मानूस खातंय," सखूबाई म्हणाल्या. म्हणून एकेका घराला एकेक बी सोपवलेलं. कोणाकडे करडई, कोणाकडे जवस, कोणाकडे हरभरा. राखेत घोळवून, मडक्यात भरून, तोंड शेणमातीनं लिंपून. आमच्याकडे भाताचं बी पेंढ्याच्या मुड्यात बांधतात. तो मुडा कसा वळतात ते मी त्यांना उपरण्याचा गुंडाळा करून दाखवलं आणि ते कोणालाही कळलं नाही.

ह्या सगळ्या बियांत मानाचं बी म्हणजे दगडी. ही इथली जुनी रब्बी ज्वारी. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, आणि दाणा एवढा टणक की किडा दमतो. आजूबाजूला सगळे पिशवीतलं बी आणायला लागले, तशी ती फक्त गटाच्या वावरात उरली. मागच्या सुगीला ती कमी पिकली होती, कोठीतली श्रावणातच संपली. आता जे काही होतं ते बियाण्याचं एक मडकं, आणि ते कौसाबाईकडे. मुगाच्या मोकळ्या पट्ट्या तिचीच वाट बघत होत्या.

मग मी मडकं बघायला गेले नसते तरच नवल.

कौसाबाई बारीक अंगाची, चाळिशीची. बोलते कमी, पण घर असं लख्ख की चुलीजवळसुद्धा राखेचा कण नाही. आत पाळणा हलत होता. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. मी बाळाचं कौतुक केलं, बाळाच्या हातावर काही ठेवलं आणि मग दगडी दाखवायला सांगितलं.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "तोंड उघडलं की किडे लागतात."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, म्हटलं, नुसतं बाहेरून मडकं तरी. तेव्हाही ती नाहीच म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली. मला रागच आला. कोकणातून मी एवढी आले आणि ही बाई मडकं दाखवत नाही! वैशालीपाशी तणतणले, तर तीही म्हणाली, "एरवी कौसाकाकू अशी नाही गं."

गोणपाट

पेरणीआधी बी उगवतं की नाही ते बघायची ह्या बायांची एक रीत आहे. एक ओला गोणपाट पसरायचा. जिच्याकडे जे बी आहे तिनं त्यातलं थोडं आणून त्यावर आपली एक ओळ मांडायची. मग गोणपाट गुंडाळून, रोज पाणी शिंपडून, चौथ्या दिवशी सगळ्यांच्या देखत उघडायचा. मी म्हटलं, हे तर नवरात्रातल्या घटासारखंच झालं. त्यावर पंचफुलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं घट न्हाई बसत. तवा गोणपाट. गोणपाट सगळ्यांचाच." तरी मोठ्या आळीतल्या दोघीजणींनी त्यावर हळूच हळदकुंकू वाहिलंच, आणि पंचफुलाबाईंनी ते न पाहिल्यासारखं केलं.

ओळी मांडल्या तेव्हा मी नव्हते, आम्ही पोचण्याच्या आदल्या दिवशीचं ते काम. उघडायला मात्र मी सगळ्यांच्या पुढे. पंचफुलाबाईंच्या अंगणात दुपारी बाया जमल्या, कोणी लेकरू कडेवर घेऊन, कोणी निवडायचं सूप घेऊन. गोणपाट उलगडत गेला तसा एकेकीचा चेहरा खुलत गेला. हरभऱ्याला टपोरे मोड. करडई पांढरीशुभ्र फुटलेली. जवसाची ओळ केसासारखी बारीक, पण सगळी.

मग कौसाबाईची ओळ आली. दाणे काळे पडलेले, वर बुरशी, आणि मोड इथे एक, तिथे एक.

एकदम सगळ्या बोलू लागल्या. मडक्यात पाणी गेलं असेल, राख ओली असेल, किडलं असेल. सखूबाईंनी एक दाणा उचलून नखावर घासला.

"ती दगडी न्हाई," कौसाबाई म्हणाली. ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. "बाजारातली हाय. दगडी मी आखाडात दळली."

"दळली मंजे?" पंचफुलाबाई.

"दळून खाल्ली."

"काहून पण?"

तिनं सांगितलं, खाली बघत, एका दमात. "लेक दिस भरायच्या आदीच आली. मग तिच्या सासरची मानसं लेकरू बघायला आली, ती राहिली. घरात पीठ न्हाई. आमच्या वावरात समदं सोयाबीन. सोयाबीनची भाकर व्हती काय? कोठीतलं मपल्या वाटचं एकदा नेऊन झालतं. पुन्हा मागावं तं लोक मनतीन, किल्लीवालीच खाऊन राहिली."

मी तिच्या दारात उभी राहून दोनदा हट्ट केला होता तो ह्या मडक्यासाठी. मला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि जाववतही नव्हतं.

पंचफुलाबाईंचा चेहरा तांबडा झाला. "दोन गल्ल्या ओलांडून यायचं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो मोठा आवाज अर्धाच निघाला. "मला सांगायचं व्हतं. लोकाची भीती वाटली, अन् बी संपलं तं काय व्हईन, ते न्हाई वाटलं? माझ्या सासूच्या काळातलं बी ते, कौसा." त्यांनी गोणपाट गुंडाळला, काखेत मारला आणि आत निघून गेल्या. बायाही एकेक करून उठल्या. कौसाबाई सगळ्यांत शेवटी गेली, आणि जाताना आपल्या ओळीतले जमिनीवर सांडलेले दाणे वेचून घेऊन गेली.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एका जातीचं बी जगातून संपणं म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं असतं तर मी तोंडदेखलं वाईट मानलं असतं. त्या अंगणात मात्र खरोखरच कोणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

आखाडा बाळापूर

सकाळी चहा ढवळता ढवळता पंचफुलाबाई अचानक थांबल्या. "वैशाली, उन्हाळ्यात मेंढरं बसवली, त्याचं आपण काय दिलतं?"

इथे उन्हाळ्यात धनगर आपले कळप रात्री वावरात बसवतात. लेंड्या आणि मूत ह्यांनी जमिनीला वर्षाचं खत होतं, आणि त्याच्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं.

"दाणेच दिले," वैशाली म्हणाली.

"कोणते दाणे?"

वैशालीनं कप खाली ठेवला. दगडीच दिली होती.

"खाल्ली असन त्यानं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पण जाऊन तं बघू. कौसाला बी बोलवा."

कळप खंडूजी नावाच्या धनगराचा, आणि त्याची वस्ती पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आखाडा बाळापूरच्या बाहेर. पावसाळ्यात ही माणसं घरी असतात हे आमचं नशीब. फोन कोणाकडे नव्हता. आम्ही चौघी निघालो. जीप, मग हिंगोलीहून कळमनुरीमार्गे एसटी. वाटेत पंचफुलाबाई माझ्याशी बोलल्या, वैशालीशी बोलल्या, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडल्या, पण कौसाबाईशी अक्षर नाही. ती खिडकीशी बसून होती, पदर तोंडाला लावून.

बाळापूरला बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना मिरच्या, दोरखंडं, फावडी, प्लास्टिकच्या बादल्या आणि मधून हॉर्न वाजवत जाणारे ट्रक. एका हॉटेलात आम्ही भजी घेतली. कौसाबाईनं पाण्याचा गिलास तेवढा जवळ ओढला. सकाळपासून तिनं काहीही खाल्लं नव्हतं. पंचफुलाबाईंनी आपली बशी अर्धी तिच्यापुढे सरकवली.

"खा. उपाशी मानसाला घेऊन मी कुठं फिरू?"

आदल्या दुपारनंतर त्या तिच्याशी बोलल्या ते एवढंच. कौसाबाईनं एक भजं उचललं आणि ते खाता खाता रडली. आम्ही तिघींनी रस्त्याकडे बघितलं.

वस्तीवर खंडूजी नव्हता, मेंढरं घेऊन माळावर गेला होता. त्याची बायको गयाबाई होती. केस पांढरे, दात मोजके, पण हसायला अडचण नाही. तिनं आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि दूध जास्त घातलेला गोड चहा दिला. तेवढ्यात एका कोकरानं माझ्या पिशवीचा बंद चावून तोडला. गयाबाई म्हणाली, "खाऊ द्या, लहान हाय." पिशवी माझी होती म्हणून मला तेवढं पटलं नाही.

पंचफुलाबाईंनी विचारलं, दगडी उरली आहे का.

"व्हय, पर खायाची सरली," गयाबाई म्हणाली. आमचे चेहरे पडले. मग ती सावकाश उठली आणि छपराच्या वाशाकडे बोट दाखवलं.

तिथे फडक्यांच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या ओळीनं टांगलेल्या होत्या. ज्या ज्या वावरात त्यांची मेंढरं बसतात, तिथल्या दाण्यांतले मूठ-दोन मुठी ती घरात राखून ठेवते. "वावराचा दाना घरात असला की मेंढरं पुढल्या साली त्याच वावराकडं वळतात," ती म्हणाली. सासूनं सांगितलं, तिच्या सासूनं तिला सांगितलं. मी बाकी सगळी चौकशी करते, पण हे खरं का, असं विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तिनं चाचपून एक पुरचुंडी काढली, हिरव्या खणाच्या तुकड्याची. ती हातात धरली आणि दिली मात्र नाही.

"काहून पायजे? आमची मेंढरं नको झाली का तुमाला?"

"तसं न्हाई गयाबाई," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं त्यांना सांगता आलं असतं. त्या सांगत नव्हत्या, कौसाबाईकडे बघतही नव्हत्या.

"बी माझ्याकडं व्हतं," कौसाबाई म्हणाली. "मी खाल्लं. लेक बाळंत झाली, घरात काय नव्हतं."

गयाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "दाना खायासाठीच असतोय, माय," ती म्हणाली. "बाळंतीन बरी हाय का आता? दूध येतंय का तिला?"

त्या दोन दिवसांत हे कोणीही विचारलं नव्हतं. मीही नाही, मी बाळाच्या हातावर काहीतरी ठेवलं होतं ते मडकं बघायला मिळावं म्हणून. कौसाबाईनं मान हलवली. गयाबाईनं पुरचुंडी सोडली, त्यातले चिमूटभर दाणे काढून पुन्हा दुसऱ्या चिंधीत बांधले आणि वाशाला टांगले. "मेंढरं वाट इसरायला नको," म्हणाली. बाकीचे तिनं कौसाबाईच्या पदरात टाकले, पंचफुलाबाईंच्या नव्हे.

परतीच्या गाडीत त्या दोघी शेजारी बसल्या. उतरताना पंचफुलाबाईंनी कौसाबाईचा हात धरला, कारण तिचे दोन्ही हात पदराच्या गाठीवर होते.

पुन्हा वावरात

दोन मुठींत पट्टी पेरली जात नाही. पट्ट्यांमध्ये हरभरा आणि करडई घालायचं ठरलं, आणि दगडीसाठी विहिरीजवळचा एक कोपरा. एवढ्याशा बियाला तिफण कशाला जुंपायची? हातानं टोकायचं ठरलं. बायांनी बोटभर खोल भोकं पाडली, आणि दाणे कौसाबाईनं टाकायचे असं पंचफुलाबाईंनी फर्मावलं. एका भोकात एक. एकदा चुकून दोन पडले. ती वाकून दुसरा शोधत बसली. कोणी तिला घाई केली नाही. मी ह्या वेळी नव्या चपला आधीच हातात घेऊन बांधावर उभी होते. यंदा ह्यातलं कोणीच खाणार नव्हतं. कणसं आली की सगळी बियाण्यालाच.

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी निरोप धाडला, कोठी उघडायची आहे.

"आत्ता?" मोठ्या आळीतली एक बाई म्हणाली. "पित्तरं चालू हायत."

"आमच्या वाड्यात पित्तरं नसत्यात. मी उघडते, तुमी नुसत्या या."

मागच्या खोलीत मावत नव्हतो एवढ्या जमलो. तीन किल्ल्या फिरल्या. कौसाबाईनं आपली किल्ली फिरवली आणि ती कमरेला न खोचता पंचफुलाबाईंपुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"आयका," त्या म्हणाल्या, ह्या वेळी पुऱ्या आवाजात. "कौसानं बी खाल्लं, ते चुकलंच. पण आपल्यातली येक बाई लेकीसकट भुकेली व्हती, अन् दोन गल्ल्यांत कोणाला कळलं न्हाई, ते काय बराबर झालं? किल्लीवालीला मागायची लाज वाटती. तवा आजपासून कोठी जवा उघडन तवा किल्लीवाल्यांनी आदी न्यायचं. सगळ्यांच्या म्होरं. अन् कधी बी कोणाचं सरलं तं कोठी तवाच उघडायची, आखाडाची वाट बघायची न्हाई."

कोठीत नवा मूग होता. सखूबाईंनी अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप, भरलं आणि पदरात ओतून घेतलं. पंचफुलाबाईंनी घेतलं. कौसाबाई जागची हलली नाही. "मला नको," म्हणाली.

"तू न्हाई घेतलं तं झाकण लागत न्हाई," सखूबाई म्हणाल्या. "मग राहू दे असंच. उंदरं खातीन, अन् आमी सांगू, कौसाबाईची उंदरं हायत."

कोणीतरी फिसकन हसलं. कौसाबाई पुढे आली आणि मान खाली घालून पदर पसरला. मूग पडताना आवाज होतो, बारीक, पावसाचे थेंब पन्हाळीत पडतात तसा. माप रिकामं झालं तरी पंचफुलाबाईंनी आणखी एक ओंजळ टाकली. "ही बाळंतिणीची," म्हणाल्या. "अन् दगडी निघाली की मडकं कौसाकडंच."

"पुन्हा तिच्याकडंच?" मघाच्याच बाईनं विचारलं.

"व्हय. आता तिच्यावानी जपणारं कोण हाय?"

मग एकेका घराची पाळी आली, आणि शेवटी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, अहो, मी कुठली, माझं घर राजापूरला. पंचफुलाबाई म्हणाल्या, इथं जेवली ती गटातली. माप कौसाबाईच्या हातात होतं. तिनं ते काठोकाठ भरलं, वरून हात फिरवून सारखं केलं आणि माझ्या बंद तुटलेल्या पिशवीत ओतलं.

"सवाई लागती बरं मावशी," ती म्हणाली. किल्ली पुन्हा तिच्या कमरेला होती. "पुढल्या साली घेऊन या. मडकं उघडून दावते."

ते मूग मी शिजवले नाहीत. भात कापून झाल्यावर घराखालच्या मळ्यात पेरले. आमचे हे रोज विचारतात, ह्या एवढ्याशा मुगाला एवढं पाणी कशाला घालतेस? मी त्यांना सांगितलंय, मला हिंगोलीला सव्वा अधोली पोचती करायची आहे.